खाजगी अग्निबाण आणि शासनाचे दायित्व

अग्निबाण बनविणे आणि उपग्रह अवकाशात धाडणे हे केवळ राष्ट्रांचे काम होय, ही समजूत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतांशी खरी होती. १९५७ साली सोव्हिएत रशियाने पहिला उपग्रह सोडला, त्यानंतर अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन आणि १९८० साली भारत या क्रमाने एकेका देशाने ही विद्या हस्तगत केली. या सर्व ठिकाणी पैसा सरकारी तिजोरीचा होता आणि अपयशाचा भारही सरकारनेच वाहिला. याचे कारण उघड आहे. दहा-पंधरा वर्षे कसलेही उत्पन्न न देणाऱ्या आणि एका सदोष जोडणीमुळे क्षणात राख होणाऱ्या कामात भांडवल घालण्यास कोणी व्यापारी सहसा पुढे येत नसे. १९८० साली उपग्रहप्रक्षेपणाचा व्यापार करण्यासाठी फ्रान्समध्ये ‘एरियनस्पेस’ ही कंपनी स्थापन झाली खरी, पण तिच्या पाठीशी युरोपातील सरकारांनी मिळून विकसित केलेला अग्निबाण होता.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे चित्र बदलू लागले. अमेरिकेतील ‘स्पेसएक्स’ या कंपनीचा ‘फाल्कन-१’ हा अग्निबाण लागोपाठ तीन अपयशांनंतर २८ सप्टेंबर २००८ रोजी पृथ्वीच्या कक्षेत पोहोचला. खाजगी कंपनीने विकसित केलेला द्रवइंधनाचा अग्निबाण कक्षेत जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे या कंपनीने केलेल्या प्रगतीची माहिती वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचली आहे. तथापि अमेरिकेसारख्या प्रचंड साधनसामग्री असलेल्या देशाचे उदाहरण इतरांना मार्गदर्शक ठरतेच असे नाही. यास्तव प्रस्तुत लेखात एका लहान देशात उदयास आलेल्या ‘रॉकेट लॅब’ या कंपनीचा विचार केला आहे. न्यूझीलंडची लोकसंख्या मुंबई शहराच्या लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी आहे. या देशाकडे पूर्वी अवकाश संस्था नव्हती, प्रक्षेपणस्थळ नव्हते आणि या विषयावरील कायदाही नव्हता. खाजगी कंपनीने अग्निबाण व प्रक्षेपणस्थळ उभे केले आणि त्यामागोमाग शासनाला अवकाश संस्था व कायदा या गोष्टी उभ्या कराव्या लागल्या. हा क्रम अभ्यासण्यासारखा आहे.

कंपनीचा उगम

रॉकेट लॅबची स्थापना २००६ साली पीटर बेक यांनी न्यूझीलंडमध्ये केली. बेक यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. घरगुती उपकरणे बनविणाऱ्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल होऊन ते ‘टूल अँड डाय मेकर’चे काम शिकले आणि नंतर एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीस लागले. आपल्याकडील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हाच व्यवसाय आजही शिकविला जातो, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे.

३० नोव्हेंबर २००९ रोजी या कंपनीने ‘आतेआ-१’ हा लहान अग्निबाण न्यूझीलंडच्या एका बेटावरून सोडला. तो कक्षेत जाण्यासाठी नव्हताच, अवकाशाची सीमा गाठून तो खाली आला. मात्र या प्रयोगामुळे कंपनीकडे लक्ष वेधले गेले. २०१३ साली भारतीय वंशाचे विनोद खोसला यांच्या गुंतवणूक संस्थेने तीत भांडवल घातले. न्यूझीलंड शासनानेही संशोधनासाठी अनुदान दिले. याच सुमारास कंपनीने आपले मुख्यालय अमेरिकेत हलविले. अमेरिकेतील शासकीय व लष्करी कामे मिळवावयाची तर कंपनी अमेरिकन असणे आवश्यक होते. म्हणजे ‘खाजगी’ म्हणविल्या जाणाऱ्या या उद्योगाच्या मुळाशीही सरकारी अनुदान आणि सरकारी गिऱ्हाईक या दोन गोष्टी होत्याच. त्या वगळून या व्यवसायाचे आकलन होणार नाही.

अग्निबाणाची रचना

कंपनीच्या मुख्य अग्निबाणाचे नाव ‘इलेक्ट्रॉन’ असे आहे. त्याची उंची सुमारे १८ मीटर आणि व्यास १.२ मीटर आहे. इंधनासह त्याचे वजन सुमारे १३ टन भरते आणि पृथ्वीलगतच्या कक्षेत तो जास्तीत जास्त ३०० किलोग्रॅम भार नेऊ शकतो. शंभर किलो वजनातून जेमतेम दोन-सव्वादोन किलो माल ठिकाणावर पोहोचावा, असा हा हिशेब आहे. असे का व्हावे, हे समजून घेणे जरूर आहे.

उपग्रह वर नेऊन सोडला की तो तरंगत राहतो, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः नुसत्या उंचीचा उपयोग नाही, वेग हवा. जमिनीस समांतर दिशेने सेकंदास सुमारे पावणेआठ किलोमीटर, म्हणजे ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर इतका वेग दिला तरच उपग्रह खाली कोसळण्याऐवजी पृथ्वीभोवती फिरत राहतो. हा वेग मिळविण्यासाठी इंधन जाळावे लागते, ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते आणि त्या वाढीव इंधनासाठी पुन्हा आणखी. त्यामुळे कोणत्याही अग्निबाणाचे बहुतांश वजन इंधनाचेच असते. त्यातच रिकाम्या झालेल्या टाकीचे ओझे शेवटपर्यंत वाहणे परवडत नाही, म्हणून अग्निबाणाचे टप्पे पाडतात. इलेक्ट्रॉनला दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यास नऊ इंजिने असून काम संपताच तो समुद्रात पडतो. दुसऱ्या टप्प्यास एक इंजिन असून ते वातावरणाबाहेर काम करते. याखेरीज उपग्रहास नेमक्या कक्षेत सोडण्यासाठी एक लहान अंतिम टप्पा असतो.

न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट रुदरफर्ड यांचे नाव या इंजिनास दिले आहे. ते शुद्ध केलेले केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालते. हे दोन्ही द्रव अतिशय उच्च दाबाने ज्वलनकक्षात ढकलावे लागतात. रूढ पद्धतीत थोडे इंधन वेगळे जाळून त्याच्या वायूवर एक चक्र फिरवितात व त्या चक्राच्या जोरावर पंप चालवितात. ही यंत्रणा गुंतागुंतीची, महाग आणि लहान इंजिनास गैरसोयीची असते. रॉकेट लॅबने चक्राऐवजी विजेची मोटर बसविली आणि तिला लिथियमच्या बॅटऱ्यांमधून वीज दिली. आपल्या शेतविहिरीवरील पंप सामान्यतः तीन किंवा पाच अश्वशक्तीचा असतो. रुदरफर्ड इंजिनातील हाताच्या पंज्यात मावेल अशी मोटर सुमारे पन्नास अश्वशक्ती निर्माण करते आणि मिनिटास चाळीस हजार फेरे घेते. अर्थात बॅटरी जड असते आणि इंधनासारखी ती जळून हलकी होत नाही. यावर तोड म्हणून दुसऱ्या टप्प्यातील रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या उड्डाण चालू असतानाच बाहेर टाकून दिल्या जातात. इंजिनाचे मुख्य भाग धातूच्या भुकटीचे थरावर थर वितळवून, म्हणजे त्रिमिती मुद्रणाने बनवितात. अग्निबाणाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा नसून कार्बनच्या तंतूंचा आहे. अशा प्रकारे बॅटरी, मुद्रण व कार्बनतंतू या अन्य उद्योगांत विकसित झालेल्या तीन गोष्टी एकत्र आणल्यामुळे अग्निबाण लहान व तुलनेने स्वस्त करणे साध्य झाले.

माहियाची जमीन

प्रक्षेपणस्थळासाठी प्रथम न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहराजवळच्या जागेचा विचार झाला होता. परंतु आवश्यक संमती मिळण्यास लागणारा वेळ लक्षात घेऊन कंपनीने २०१५ साली उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील माहिया हे द्वीपकल्प निवडले. हा प्रदेश विरळ वस्तीचा असून मेंढ्या व गुरे पाळणे हा तेथील मोठा व्यवसाय आहे. द्वीपकल्पाच्या टोकाची जमीन माओरी समाजातील भूधारकांच्या सामाईक संस्थेच्या मालकीची आहे. कंपनीने ती विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली. जमिनीची मालकी मूळ समाजाकडेच राहिली आणि चराऊ कुरणाशेजारी अग्निबाणाचा तळ उभा राहिला. वायरोआ जिल्हा परिषदेने या प्रकल्पास परवानगी दिली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये या केंद्राचे उद्घाटन झाले.

या जागेचे वैशिष्ट्य असे की पूर्वेस व दक्षिणेस अथांग पॅसिफिक महासागर पसरला आहे आणि त्या भागात विमाने व जहाजे यांची वर्दळ फारच थोडी आहे. अग्निबाण सोडताना खालचा समुद्र व वरचे आकाश मोकळे करावे लागते. जेथे वाहतूक दाट, तेथे ही मोकळीक वारंवार मिळत नाही. महिन्यास एक-दोन उड्डाणे करू इच्छिणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हे एकांतस्थान शहराजवळच्या सोयींपेक्षा अधिक मोलाचे होते.

तथापि सर्वच स्थानिक रहिवासी समाधानी होते असे नव्हे. अमेरिकेच्या लष्कराशी निगडित उपग्रह येथून सोडले जाऊ लागले तेव्हा, जमीन दिली ती शांततेच्या कामासाठी, लष्करी कामासाठी नव्हे, असा आक्षेप काहींनी घेतला. २०२१ च्या मार्च महिन्यातील एका उड्डाणाच्या वेळी हा वाद विशेष गाजला. समुद्रात पडणाऱ्या टप्प्यांचाही प्रश्न होताच. न्यूझीलंडने आपल्या सागरी क्षेत्रात अवशेष टाकणाऱ्या उड्डाणांवर प्रारंभी एकूण शंभरांची मर्यादा घातली होती, २०२५ साली ती हजारापर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. रोजगार, रस्ते आणि प्रतिष्ठा एका बाजूस, तर समुद्र, मासेमारी आणि समाजाची संमती दुसऱ्या बाजूस असा हा ताळेबंद आहे. प्रकल्प येण्यापूर्वी एकदा संमती घेतली म्हणजे तो कायमचा मिटत नाही, हा माहियाचा अनुभव आहे.

अपयशांचा हिशेब

इलेक्ट्रॉनचे पहिले उड्डाण २५ मे २०१७ रोजी झाले. अग्निबाण अवकाशात पोहोचला, परंतु सुमारे चार मिनिटांनी जमिनीवरील केंद्राकडे येणारी माहिती खंडित झाली. अग्निबाण कोठे आहे हे कळेनासे झाले तर नियमानुसार सुरक्षा अधिकाऱ्यास उड्डाण थांबविण्याचा आदेश द्यावा लागतो. त्याप्रमाणे तो दिला गेला. नंतर चौकशीत असे आढळले की अग्निबाणात कोणताही दोष नव्हता. एका कंत्राटदाराने पुरविलेल्या जमिनीवरील यंत्रणेची मांडणी चुकली होती. सुस्थितीतील अग्निबाण गमावला, तरीही सुरक्षा अधिकाऱ्याचा निर्णय योग्यच होता. माहिती नसताना ‘सर्व ठीक असेल’ असे गृहीत धरण्याचा अधिकार त्याला नसतो. सार्वजनिक सुरक्षिततेचे काम करणाऱ्या कोणत्याही खात्यास हे तत्त्व लागू पडेल.

दुसरे उड्डाण २१ जानेवारी २०१८ रोजी यशस्वी झाले. त्यासोबत कंपनीने ‘ह्युमॅनिटी स्टार’ नावाचा चकाकणारा एक गोल अवकाशात सोडला. सर्व मानवांनी आकाशाकडे पाहावे असा त्यामागील हेतू सांगण्यात आला, परंतु अशा चमकत्या वस्तूंमुळे वेधांत व्यत्यय येतो, अशी टीका अनेक खगोलशास्त्रज्ञांनी केली. दोनच महिन्यांत तो गोल वातावरणात जळून गेला. प्रश्न मात्र राहिला : रात्रीचे आकाश सर्वांचे आहे, त्यात काय सोडावे हे एखाद्या कंपनीने एकटीने ठरवावे काय?

नोव्हेंबर २०१८ पासून व्यापारी उड्डाणे नियमितपणे सुरू झाली. त्यानंतर जुलै २०२० मध्ये विजेच्या एका सदोष जोडणीमुळे, मे २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या प्रज्वलन यंत्रणेतील बिघाडामुळे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा विद्युत यंत्रणेतील दोषामुळे अग्निबाण उपग्रहांसह गमवावे लागले. २०२० च्या अपघातात सात उपग्रह नष्ट झाले. पण दोष नेमका शोधून, चाचणीत तो पुन्हा घडवून पाहून, दोन महिन्यांच्या आत कंपनीने पुढील उड्डाण केले. जून २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनचे पन्नासावे उड्डाण झाले आणि त्या एका वर्षात एकूण सोळा प्रक्षेपणे झाली. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे ‘कॅपस्टोन’ हे सुमारे पंचवीस किलो वजनाचे यान याच अग्निबाणाने चंद्राच्या वाटेस लावले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते चंद्राच्या कक्षेत पोहोचले.

व्यापाराचे गणित

लहान अग्निबाणास गिऱ्हाईक का मिळते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एस. टी. बसचे तिकीट स्वस्त असते, परंतु बस ठराविक वेळी सुटते आणि ठराविक थांब्यावर उतरविते. भाड्याची जीप महाग पडते, पण ती दारातून नेते आणि वाडीपर्यंत पोहोचविते. मोठ्या अग्निबाणावरून अनेक लहान उपग्रह एकदम पाठविणे हा बसचा प्रवास होय. भारताच्या पी.एस.एल.व्ही.ने १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, तर स्पेसएक्सने जानेवारी २०२१ मध्ये १४३ उपग्रह एकदम नेले. या पद्धतीत किलोमागे खर्च कमी येतो, पण मुख्य उपग्रहाची वेळ व कक्षा इतरांना निमूट स्वीकारावी लागते. इलेक्ट्रॉन ही भाड्याची जीप होय. प्रारंभी एका उड्डाणाचा दर सुमारे ५० लक्ष डॉलर होता, पुढे तो ७५ लक्ष डॉलरांच्या आसपास गेला. ज्याला विशिष्ट कक्षा व विशिष्ट दिवस हवा, तो हा दर देण्यास तयार असतो.

मात्र हा व्यवसाय निसरडा आहे. विमानातून अग्निबाण सोडणारी ‘व्हर्जिन ऑर्बिट’ ही कंपनी कक्षेत उपग्रह पोहोचविण्यात अनेकदा यशस्वी झाली होती, तरीही जानेवारी २०२३ मधील एका अपयशानंतर काही महिन्यांतच तिने दिवाळखोरी जाहीर केली. स्वतः रॉकेट लॅबलाही केवळ प्रक्षेपणावर विसंबून राहता आले नाही. उपग्रह व त्यांचे सुटे भाग बनविण्याकडे ती वळली आणि २०२१ साली तिने ‘न्यूट्रॉन’ या सुमारे तेरा टन भार नेऊ शकणाऱ्या मोठ्या अग्निबाणाचे काम हाती घेतल्याचे जाहीर केले. वापरलेला पहिला टप्पा परत मिळविण्याचाही तिने प्रयत्न केला. नोव्हेंबर २०२० मध्ये हवाई छत्रीच्या साहाय्याने तो समुद्रात उतरविला, तर मे २०२२ मध्ये खाली येणारा टप्पा हेलिकॉप्टरने आकड्यात पकडला. पण लटकलेल्या भाराचे वर्तन अपेक्षेप्रमाणे न आढळल्याने वैमानिकाने तो सोडून दिला.

दायित्व कोणाचे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळणे इष्ट होईल. खाजगी कंपनीचा अग्निबाण एखाद्या परक्या देशातील वस्तीवर कोसळला तर भरपाई कोणी द्यावयाची? सामान्य व्यवहारात उत्तर ‘कंपनीने’ असे येईल. अवकाशाच्या बाबतीत मात्र उत्तर वेगळे आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार, बिगरशासकीय संस्थांनी केलेल्या अवकाशकार्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारीदेखील त्या त्या राष्ट्रावर असते आणि अशा कार्यास शासनाची अनुमती व सततची देखरेख आवश्यक असते. १९७२ च्या दायित्व करारानुसार, अवकाशातील वस्तूमुळे भूपृष्ठावर किंवा उडत्या विमानास नुकसान पोहोचले तर प्रक्षेपक राष्ट्राचे दायित्व पूर्ण असते. निष्काळजीपणा झाला होता की नाही, हे सिद्ध करण्याची गरज नसते. प्रक्षेपक राष्ट्र म्हणजे ज्याने प्रक्षेपण केले वा करविले ते, तसेच ज्याच्या भूमीवरून किंवा केंद्रातून ते झाले तेही. भारतही या करारांचा सदस्य आहे.

हा केवळ कागदी नियम नव्हे. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा ‘कॉसमॉस-९५४’ हा अणुऊर्जेवर चालणारा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला व किरणोत्सर्गी तुकडे विस्तीर्ण प्रदेशात विखुरले. कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ साली सोव्हिएत रशियाने तीस लक्ष कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले.

यावरून न्यूझीलंडच्या शासनापुढील पेच लक्षात येईल. नफा कंपनीचा, मुख्यालय अमेरिकेत, उपग्रह तिसऱ्याच देशाचा, पण भूमी न्यूझीलंडची. म्हणून दायित्वाचा वाटा न्यूझीलंडच्या करदात्याकडेही येतो. या जाणिवेतून त्या शासनाने २०१६ साली अवकाश संस्था स्थापन केली, त्याच वर्षी तंत्रज्ञानाच्या संरक्षणाबाबत अमेरिकेशी करार केला आणि २०१७ साली बाह्य अवकाश व अत्युच्च उड्डाणांसंबंधीचा कायदा संमत केला. हा कायदा २१ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आला. त्यान्वये प्रक्षेपणासाठी परवाना, प्रक्षेपणस्थळासाठी परवाना आणि अवकाशात नेल्या जाणाऱ्या प्रत्येक उपग्रहासाठी परवानगी घ्यावी लागते. प्रक्षेपण सुरक्षित आहे काय, अवकाशातील कचरा कमी राखण्याची योजना आहे काय, काम राष्ट्रहिताशी विसंगत तर नाही ना, हे शासन तपासते. नुकसानीचा भार उचलण्याबाबत कंपनीवर विम्यासारख्या अटी घालता येतात. कंपनी अमेरिकन असल्यामुळे तिला अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचाही परवाना घ्यावा लागतो.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की खाजगी उद्योग आला म्हणून शासनाचे काम कमी झाले नाही, त्याचे स्वरूप बदलले. पूर्वी शासन स्वतः अग्निबाण बांधीत असे. आता परवाना देणे, तपासणे, नोंद ठेवणे आणि अखेरीस हमी राहणे हे त्याचे काम झाले. स्वतः न बांधलेल्या वस्तूची पारख करण्यासाठी शासनाकडे जाणते मनुष्यबळ लागते. ते नसेल तर परवाना म्हणजे नुसता शिक्का ठरेल.

भारतातील वाटचाल

भारतात खाजगी कारखान्यांचा अवकाश कार्यक्रमाशी संबंध नवा नाही. महाराष्ट्राचा त्यात जुना वाटा आहे. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथील कारखान्याने भारतीय अग्निबाणांच्या घनइंधन टप्प्यांची कवचे बनविली, तर मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ‘विकास’ या द्रवइंधन इंजिनाची निर्मिती होत आली आहे. पण संपूर्ण अग्निबाण हा भारतीय अवकाश संशोधन संस्थेचा असे आणि हे उद्योग त्याचे भाग पुरवीत. २०२० साली केंद्र शासनाने हे क्षेत्र खाजगी उद्योगास खुले करण्याचे ठरविले आणि अनुमती व देखरेखीसाठी ‘इन-स्पेस’ ही स्वतंत्र संस्था निर्माण केली. तिचे मुख्यालय अहमदाबाद येथे आहे. २०२३ साली भारतीय अवकाश धोरण जाहीर झाले, तर २०२४ साली प्रक्षेपक क्षेत्रात ४९ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने येऊ देण्याचा निर्णय झाला.

याची फळे दिसू लागली आहेत. हैदराबाद येथील ‘स्कायरूट’ कंपनीचा ‘विक्रम-एस’ हा अग्निबाण १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून निघून ८९.५ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. भारतात खाजगी कंपनीने बनविलेल्या अग्निबाणाचे हे पहिले उड्डाण होय. चेन्नईच्या ‘अग्निकुल’ कंपनीने ३० मे २०२४ रोजी त्रिमिती मुद्रणाने एकसंध बनविलेल्या इंजिनाचे चाचणी-उड्डाण केले. ही दोन्ही उड्डाणे कक्षेत जाण्यासाठी नव्हती. आतेआ-१ पासून इलेक्ट्रॉनच्या यशापर्यंत रॉकेट लॅबला आठ वर्षांहून अधिक काळ लागला, हे ध्यानी घेता अशा प्रयत्नांकडे धीराने पाहणे योग्य होईल.

तामिळनाडूतील तुतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिनम येथे लहान अग्निबाणांसाठी देशाचे दुसरे प्रक्षेपण केंद्र उभारले जात असून त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे सोडलेल्या अग्निबाणास श्रीलंका टाळण्यासाठी वळण घ्यावे लागते व त्यात इंधन खर्ची पडते. लहान अग्निबाणास हा भुर्दंड सोसवत नाही. कुलशेखरपट्टिनमहून समुद्रावरून थेट दक्षिणेस जाता येते. या केंद्रासाठी दोन हजारांहून अधिक एकर जमीन लागली. तेव्हा माहियाप्रमाणेच येथेही किनाऱ्यावरील गावे, मच्छिमार आणि जमीनधारक हे या कार्यक्रमाचे सहभागी ठरतात. १९६३ साली केरळातील थुंबा येथे देशाचे पहिले प्रक्षेपण केंद्र उभे राहिले ते तेथील मच्छिमार वस्तीने आपली घरे व चर्चची वास्तू सोडली म्हणूनच, हा इतिहास विसरता येणार नाही.

पंचायत सदस्य व अधिकारी यांना अग्निबाणाचा परवाना देण्याची वेळ क्वचितच येईल. पण खाणीपासून पवनचक्कीपर्यंत खाजगी प्रकल्प गावोगावी येतात आणि त्या प्रत्येक ठिकाणी हेच प्रश्न उभे राहतात. जमीन विकावी की भाडेपट्ट्याने द्यावी, संमती कोणत्या कामासाठी दिली याची नोंद आहे काय, काम बदलल्यास पुन्हा विचारणा होईल काय, नुकसान झाल्यास भरपाई कोणाकडून व कोणत्या मुदतीत मिळेल, आणि देखरेख करणाऱ्याला त्या विषयाचे ज्ञान आहे काय? कंपन्या येतात, वाढतात, कधी बुडतात. भूमी आणि तेथील लोक मात्र तेथेच राहतात. म्हणून या प्रश्नांची उत्तरे ठरावात व करारपत्रात आधीच लिहून ठेवणे, हे उद्योगाच्या मार्गात अडथळा आणणे नव्हे. परवाना आणि देखरेखीची चौकट पक्की झाल्यावरच रॉकेट लॅबचा व्यवसाय माहियाच्या कुरणावरून नियमितपणे चालू लागला, ही वस्तुस्थिती त्याची साक्ष देते.